खुंटीवरची माळ

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी थापच मारत होतो. निमगाव केतकीत माझं खता-औषधांचं दुकान आहे. काउंटरपलीकडे पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती, एकानं आणलेली डाळिंबाची पिवळी फांदी माझ्या हातात होती आणि मी सांगत होतो की आपल्या दुकानातलं बोरॉन दिलेल्या एका बागेत फळ एवढं फुगलं की मालकाला फाटक काढून ते बाहेर न्यावं लागलं. फोनवर सोपानची बायको, कमलवहिनी. "भावजी, ह्यांचं आटपलं पहाटं." एवढंच... मी फांदी खाली ठेवली. गिऱ्हाईक म्हणालं, "मग फुडं काय झालं त्या डाळिंबाचं?" आणि सवय बघा माणसाची, फोन अजून हातात असताना मी म्हणालो, "पुढं काय, टेम्पोत मावेना." ते सगळे हसले. त्या हशाला आज दीड महिना झाला, अजून कानातून जात नाही.

मी आणि सोपान एका वर्गात, एका बाकावर. त्याची जमीन कालव्याच्या पाण्यावर भिजणारी, तरकारी आणि डाळिंब. माझ्या वडिलांची मेंढरं होती, ती मोडली आणि मी दुकानात शिरलो. थापा मारणं हा मेंढरामागच्या माणसाचा जन्मजात हक्क आहे. दिवसभर बोलायला कुणी नसतं, मग घरी आल्यावर एका लांडग्याचे सात करावे लागतात. ती कला मी वारशात घेतली आणि वाढवली. सोपान माझा पहिला श्रोता. माझी गोष्ट संपली की तो लगेच हसायचा नाही. डेअरीवर दूध तपासणाऱ्यासारखी मान तिरकी करून विचारायचा, "बाळ्या, पाणी किती?" आणि मी खरं सांगायचो. निम्मं. पाऊण. कधी कधी, "सोपाना, आज दूधच न्हाय, नुसतं पाणी." मग तो पोट धरून हसायचा. उभ्या जगात एवढा एकच माणूस होता ज्याला मी खरं माप सांगत होतो.

तरुणपणी आम्ही पळसदेवला मासे खायला जायचो. उजनीचं पाणी उतरलं की तिथलं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. लोक म्हणायचे धरण आटलं, मी म्हणायचो, काल सोपान जेवून गेला. तर असा हा माणूस. पुढं त्याची आई आजारी पडली आणि जाताना तिनं एकच मागितलं, माळ घाल. त्यानं घातली. गळ्यात तुळशीची माळ आली त्या दिवसापासून मटण नाही, मासा नाही, अंडं शिजतंय त्या घरात पाणीसुद्धा नाही. गोठ्यात दोन गाई होत्या, पण दूध चरवीतून थेट डेअरीला, घरात कोरा चहा. भाकरी, भाजी, वरण आणि हरिपाठ. मी चिडवायचो की उजनीतल्या माशांनी तुझ्या नावानं पेढे वाटले. तो म्हणायचा, "वाटू दे. लई खाल्ल्यात बिचारे."

पाच-सहा वर्षं अशी गेली आणि मग बारीकसारीक सुरू झालं. आधी त्याला तिखट सोसेना. माझ्याकडं भेळ खाताना डोळ्यातून पाणी काढून म्हणाला, "जीभ सोलल्यागत झालीय रं." मी म्हणालो, हरिपाठ जरा हळू म्हणत जा, झिजली असंल. मग पायाला मुंग्या. म्हणाला, "बाळ्या, पायाखाली भुई हाय का गादी, तेच कळंना." एकदा चिखलातून दुकानात आला तो एकाच चप्पलेवर. दुसरी वाटेत रुतून राहिली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. त्या चप्पलेवर मी आठवडाभर गिऱ्हाइकं हसवली. त्याच दिवशी तो डाळिंबाची फांदी घेऊन आला होता. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी लांबूनच सांगितलं, लोह कमी पडलंय. म्हातारी पानं पिवळी पडली तर मॅग्नेशियम, पान बारीक राहिलं तर जस्त, फळ तडकलं तर बोरॉन. चालत्या गाडीवरून मी बाग वाचतो असं लोक म्हणतात, आणि ह्यात पाणी फार कमी आहे. पण त्या फांदीमागं एक तोंड होतं. तेही लिंबासारखं पिवळं पडलं होतं. ते मी वाचलं नाही.

आणि मग जळोची गावातलं एक लग्न. सकाळची वेळ, मांडवाच्या मागं पाण्याची टाकी, माणसं हात-तोंड धूत होती. सोपाननं ओंजळ भरली, डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं आणि उभ्याचा आडवा झाला. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. उठवला, तर चार पावलं झोकांड्या खात गेला, पाय आपटत. कुणीतरी म्हणालं, "माळकऱ्यानं सकाळीच घेतली वाटतं." लोक हसले. तो हशा माझा नव्हता आणि मला तो सहन झाला नाही. माझ्या समोर दुसऱ्या कुणी हसू वसूल करावं, ही काय गोष्ट झाली? सोपान पुढं पंगतीला गेला होता. मी तिथंच सुरू झालो. म्हणालो, अहो, नियमाचा पक्का आहे आमचा सोपान. माळ घालून थेंब घेत नाही. घराच्या दाराशी एक खुंटी आहे, आधी माळ काढून खुंटीला अडकवतो, नमस्कार करतो, मग घेतो, चूळ भरतो, परत नमस्कार करतो आणि माळ घालतो. खुंटी झिजली, पण नेम मोडला नाही. मांडव नुसता हादरला. असा हशा मला जन्मात मिळाला नव्हता.

ती गोष्ट माझ्या आधी निमगावात पोचली. आठ दिवसांत एका अनोळखी गिऱ्हाइकानं ती मलाच सांगितली, वर तीन गोष्टी जोडून. दारूच्या दुकानाजवळ "जरा खुंटीकडं जाऊन येतो" असं पोरं म्हणायला लागली. मी कॉलर ताठ करून ऐकत होतो, हे लिहिताना हात जड होतोय, पण खरंच ऐकत होतो. सोपान बाजारात यायचा बंद झाला. एकादशीच्या भजनात तो टाळ वाजवायचा, तिथंही जाईना. नंतर कळलं, देवळात कुणीतरी भिंतीकडं बोट करून त्याला म्हणालं होतं, "नाना, माळ हितं अडकवा, आमी बघत न्हाय." त्यानं टाळ खाली ठेवले आणि भिंत धरत घरी गेला. भिंत धरत, कारण चालताच येत नव्हतं. पण भिंत धरून चालणाऱ्याला गाव आता काय म्हणतं ते त्याला ठाऊक होतं. म्हणून तो घरातून निघेनाच. एकदा मीच भेटायला गेलो तर म्हणाला, "बाळ्या, ती खुंटीची गोष्ट कुणी काढली असंल रं?"

मी म्हणालो, "जळोचीकडची माणसं लई वंगाळ."

त्यानं मान तिरकी केली. मी वाट बघत होतो... पण पाणी किती, हे त्यानं विचारलं नाही.

वर्ष उलटलं. शेवटी कमलवहिनींनी हट्ट धरला आणि माझ्या गाडीतून आम्ही त्याला बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या पोरींएवढ्या. त्यांनी त्याला पाय जुळवून उभा केला आणि म्हणाल्या, डोळे मिटा. मिटले आणि तो झाडासारखा कलला. बाईंनी धरला. जीभ बघितली, पापणी उलटवली, रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "खाता काय?" त्यानं माळ दाखवली. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात दगडासारखं बसलंय. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व आहे, त्यावर रक्त आणि नसा चालतात. ते मांस-मासे-अंड्यात असतं, थोडं दुधात असतं, भाजीपाल्यात नसतं. शरीर ते कणगीतल्या धान्यासारखं साठवतं, काही वर्षं पुरतं, मग कणगीचा तळ लागतो. पाय कुठं आहेत हे नसा सांगायच्या थांबतात, माणूस डोळ्यांच्या आधारानं तोल धरतो, आणि डोळे मिटले की पडतो. लोह, जस्त, मॅग्नेशियम डाळिंबाला लागतं तसंच माणसाला लागतं, ते सगळं माझ्या कपाटात होतं. पण हे बी-बारा झाडाला लागतच नाही. म्हणून ते माझ्या दुकानात नव्हतं, आणि दुकानात नाही ते जगात नाही, असा माझा तोरा.

इंजेक्शन लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखं. सोपाननं हात मागं घेतला. "ह्यात जनावराचं काय न्हाय न्हवं?" बाई म्हणाल्या, "नाही आजोबा, हे जंतूंकडून तयार करून घेतात." तो म्हणाला, "जंतू म्हंजी जीवच की." बाई हसल्या, "मग आजपासून दहीसुद्धा सोडावं लागेल." त्यावर तो कितीतरी महिन्यांनी हसला आणि बाही वर केली. सुई टोचताना बाई म्हणाल्या, "लवकर यायला हवं होतं. सुरुवातीलाच आला असता तर पाय पूर्ण सुधारले असते. वर्षभर काय करत होता?" खोलीत तो, वहिनी, मी. सोपान भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "लाज वाटत व्हती."

जीभ भरून आली, तोंडावर रंग आला. घरात अर्धा लिटर दूध राहायला लागलं. पाय मात्र अर्धेच परत आले. हातात काठी आली. त्या दिवसांत त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "तुझं बोलणं माणसं ऐकत्यात. माझ्या पायाची खरी गोष्ट सांग त्यास्नी. खुंटीची कुणी काढली, ते सांगू नकोस. फकस्त मी पीत न्हवतो, एवढं सांग. आन् ह्यात पाणी घालू नको." मी हो म्हणालो. आणि मी सांगितली का? एकदा सुरू केली होती. जीवनसत्त्व, नसा, रक्त... गिऱ्हाइकं मोबाइल काढून बसली. कुणी म्हणालं, "आबा, ती खुंटीची सांगा." आणि मी... सांगितली. दोन वर्षं मी त्याला उद्या-परवा करत राहिलो. खऱ्या गोष्टीला हशा येत नव्हता, एवढंच कारण. दुसरं शोधूनही सापडत नाही.

यंदा बांधावरून तो पडला, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणावर पडला तो पडलाच आणि छातीत कफ भरला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा छातीचा फोटो काढायचा होता. तिथला माणूस म्हणाला, माळ काढून ठेवा. सोपान ऐकेना. धाप लागलेली, तरी माळ मुठीत धरून माझ्याकडं बघून म्हणाला, "काढून ठिवू कुठं?" मग त्या माणसानंच समजुतीनं माळ मागं पाठीवर सरकवली आणि फोटो घेतला. आमची शेवटची भेट ती. मला वाटतं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या दुधाची चव त्याला कळत नसेल असं कसं म्हणू?

तर ही ती गोष्ट. निमगावचे, जळोचीचे जे कुणी वाचत असतील त्यांनी ऐका. सोपान कधीच पीत नव्हता. त्यानं माळ एकदाही काढली नाही. त्याच्या शरीरात बी-बारा नव्हतं. खुंटीची गोष्ट मी काढली, मीच, आणि ती नुसतं पाणी होती.

तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. हातात केळी आणि नारळाची पिशवी. आत शिरताना नेहमीसारखा डावा हात दाराशेजारी वर गेला, पिशवी अडकवायला. चाळीस वर्षं मी त्या घरात पिशवी तिथंच अडकवत आलो होतो; शेवटची दोन वर्षं मात्र तो उंबरा ओलांडला नव्हता. हात भिंतीवर फिरला, काही लागेना. तिथं बोटभर भोक होतं, सिमेंटनं बुजवलेलं, वर रंगही दिलेला. मी आत बघितलं. चारी भिंतींवर तसेच डाग होते आणि कपडे एका दोरीवर टाकलेले होते.

वहिनी चहा घेऊन आल्या. दुधाचा. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हितं खुंटी न्हाय, भावजी. घरातल्या समद्या ह्यांनीच उपटल्या. लई दीस झालं."

मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो.