काचेत अडकलेला ड्रायव्हर आणि वरचा ड्रोन

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

अर्नाळ्याला सुके बोंबील आणायला गेले होते. किनाऱ्यावर काही पोरांनी घरी बनवलेल्या गाड्यांची रेस लावली होती. वर ड्रोन घिरट्या घालत होता. एका गाडीला काही परदेशी रेसगाड्यांसारखं ड्रायव्हरच्या डोक्यावर बंद काचेचं झाकण होतं. म्हणे सेफ्टीसाठी!

वळणावर नेमकी तीच गाडी कलंडली आणि झाकण वाळूत दाबलं गेलं. ड्रायव्हर आतून काचेवर हात आपटतोय आणि ड्रोनवाला ओरडतोय, "कोणी जवळ जाऊ नका रे, फ्रेममध्ये याल!" ड्रायव्हरचे दोस्त खरंच थांबले. शी!

शेवटी मासळी वाळत घालणाऱ्या कोळणी धावल्या. होडी ओढताना देतात तशी आरोळी देत त्यांनी गाडी सरळ केली. पोरगा घामाघूम होऊन बाहेर आला.

ड्रोनवाला म्हणतो, "भाई, परत आत बस ना. बायका मध्ये आल्या, शॉट गेला."

एक मावशी कडाडली, "आता बसलास तर आमी नाय येनार काढायला!"

पोरगा हसला, केस नीट केले आणि परत गाडीत जाऊन बसला.

मला सांगा, थुंकायचं तरी कोणावर?