उन्हातान्हात टिकणारा फोन

बिछायतीच्या धंद्यात सगळं भाड्यानं जातं आणि परत येतं. सतरंज्या, कनाती, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज. येताना एखादी सतरंजी जळून येते, एखादी खुर्ची तीन पायांवर येते, पण येते. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. ते नुसते येतात आणि गोदामात साचत राहतात. परवा माझा नातू मोबाइल निवडत बसला होता. उन्हात तापला नाही पाहिजे, पावसात भिजला तरी चालला पाहिजे, हातातून पडला तरी फुटला नाही पाहिजे! ते ऐकलं आणि गोदामाचं दारच उघडलं.

म्हटलं, "बाबू, असा फोन आम्ही तुह्या बापाच्या जन्माआधी शोधला होता!"

तो हसला. हसण्यासारखंच आहे. त्या शोधात आमची मान इतक्या वेळा खाली गेली, की काही घरं दिसली की मी अजूनही सायकल वळवून नेतो.

आम्ही म्हणजे चौघं. मालक भाऊराव, महाल पेठेत त्यांचं बिछायतीचं दुकान. गणपत मांडव घालायचा. श्रावणजी आचारी, दुकानाचे नव्हते, पण भाऊरावांचा मांडव असला की भट्टी त्यांचीच. आणि मी माइकवाला. तेव्हा लग्नं मोकळ्या मैदानात लागायची. मध्ये मांडव, धुरामुळे भट्ट्या पार मागच्या टोकाला, आणि वऱ्हाड उतरलेलं रस्त्यापलीकडच्या शाळेत, म्हणजे जानोशावर. निरोप द्यायचा तर पळायचं, नाहीतर ओरडायचं.

\*\*\*

ओरडायचं खातं गणपतकडे. त्याचा आवाज असा, की मला कधीकधी माझ्या कर्ण्यांची लाज वाटायची.

एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती. एक कडवं संपलं, भटजींनी श्वास घेतला, सगळीकडे शांतता. तेवढ्यात मांडवामागून गणपत:

"भाऊऽऽ! तेल संपलं! आचारी म्हणते, तेल नाही आलं तर नवरदेवालेच उकडून वाढतो!"

अंतरपाट हलायला लागला. पलीकडे नवरी हसत होती की रडत होती, देव जाणे. मुलीचे वडील वळून भाऊरावांकडे पाहत राहिले. भाऊराव कनातीकडे पाहत राहिले, जणू ती कनात त्यांनी त्याच दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिली!

\*\*\*

मग भाऊरावांनी डोकं चालवलं. माइक आहे ना? माइकवरून सांगायचं, पण खुणेनं. "गंगाधरराव, जिथे असतील तिथून स्वयंपाकघराकडे यावे," असं मी बोललो की श्रावणजींनी समजायचं, पंगतीत वरण कमी पडतंय, पाणी वाढवा.

दोन लग्नं सुरळीत गेली. तिसऱ्या लग्नात मी पहिल्यांदा पुकारलं, वरण वाढलं. थोड्या वेळानं पुन्हा पुकारलं, पुन्हा वरण वाढलं. तिसऱ्यांदा पुकारलं आणि मागून गणपत धावत आला. तोंड पांढरं.

"चला तिकडे. खरे गंगाधरराव आले हायेत!"

नवरीचे सख्खे आजोबा! दर वेळी काठी टेकत एवढं मैदान ओलांडून यायचे, भट्टीजवळ उभे राहायचे, कोणी काही विचारत नाही म्हणून परत जायचे. आणि दर वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर वरणात एक बादली जायची. मी आणि भाऊराव पोचलो तेव्हा म्हातारबुवा तिसऱ्या बादलीकडे बघत होते.

"काहून गा," ते म्हणाले, "पाणी टाकाले माह्यंच नाव सापडलं का तुमाले?"

रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा पंगतीत जाऊन बसले आणि ते वरण मुकाट्यानं जेवले.

त्या संध्याकाळी भाऊराव म्हणाले, "बस झालं. आपल्याले फोन पाहिजे."

\*\*\*

घरी फोन लागायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे, आणि आम्हाला मैदानात फोन हवा होता! कोणीतरी सांगितलं, कामठीला पलटणीचा जुना माल विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडे जंगलात वापरायचे फोन असतात. हँडल फिरवलं की वीज तयार होऊन दुसरीकडे घंटी वाजते, मध्ये फक्त तार लागते. आम्ही गेलो.

दुकानदारानं दोन प्रकार मांडले. एक हलका, चामड्याच्या पिशवीतला, देखणा. दुसरा लोखंडी पेटीतला, पाच पायल्या गव्हाएवढा जड.

"आमचं काम उघड्यावरचं," भाऊराव म्हणाले. "वरून ऊन, खालून भट्टी, आणि चारी बाजूनं वऱ्हाडी. पडला तर फुटाले नाही पाहिजे." असं म्हणून त्यांनी हलका फोन उचलला आणि हात सोडून दिला!

फोनचे दोन तुकडे झाले.

"ये तो आपका हो गया," दुकानदार शांतपणे म्हणाला.

एवढ्यावर थांबायचं की नाही? भाऊरावांनी लोखंडी पेटी उचलली आणि तीही सोडली. फोनला ओरखडा नाही. दुकानाची फरशी मात्र भिंतीपर्यंत तडकली!

"हाच द्या!" भाऊराव आनंदानं ओरडले. "असे तीन बांधा!"

दुकानदारानं तडकलेल्या फरशीकडे पाहिलं, भाऊरावांकडे पाहिलं. "भाईसाहब," तो म्हणाला, "ये फोन लड़ाई से बचके आया है. आपसे नहीं बचेगा."

\*\*\*

फोन लावलेल्या पहिल्याच लग्नात नवरीचे मामा रुसले. पत्रिकेत त्यांचं नाव काकांच्या खाली छापलं होतं. "मी मांडवात पाय ठेवत नाही," म्हणून ते नळाजवळ पंचा धूत बसले. नवरीची आई तीनदा येऊन रडून गेली. मामांशिवाय नवरीला मंडपात आणणार कोण?

मामांनी पंचा पिळला आणि वाळत घालायला दोरी शोधली. आमची फोनची तार तिथूनच गेली होती. नेमका तिथे जोड, आणि त्या जोडावर चिकटपट्टी लावायची राहिलेली. मामांनी ओल्या हातांनी तार धरली आणि त्याच क्षणी मांडवातून गणपतनं हँडल फिरवलं!

मामा जागच्या जागी उडाले आणि चिखलात बसले. जखम नाही, काही नाही. पण चेहरा पार बदलला. इकडेतिकडे पाहिलं. जवळ कोणी नव्हतं.

"मायवं!" ते ओरडले. "देवीनं हाणलं मले! भाचीच्या लग्नात रुसलो म्हून हाणलं!"

तसेच ओल्या धोतरानं मांडवात गेले, बहिणीच्या पाया पडले, भाचीला स्वतः हात धरून आणलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. देवीच्या नावानं नारळ फुटला. नवरीची आई प्रसाद घेऊन थेट आमच्याकडे आली. "घ्या भाऊ, तुमचाबी हात लागला या कार्याले."

मी जमिनीकडे पाहायला लागलो. भाऊरावांचा हात पुढे जाईना.

गणपतनं मात्र खोबऱ्याचे दोन तुकडे उचलले. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "घेऊ द्या ना भाऊ. हँडल तर मीच फिरवलं!"

\*\*\*

पुढे एक जण बिनतारेच्या फोनांची जोडी विकायला आला. बॉम्बेचा माल, खिशात मावेल एवढे डबे. भाऊरावांनी गणपतला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं.

"हॅलो, गणपत! ऐकू येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं, भाऊ! पण डब्यातून नाही, हवेतून!"

विकणारा स्वतःच ओशाळला. भाऊराव त्याला चहा पाजायला घेऊन गेले. लाजेच्या बाबतीत आमचा अनुभव दांडगा होता.

\*\*\*

वाडीला एक लग्न होतं. तिथे अमरावती रोडवर दिवसभर ट्रकांची रीघ. तार रस्त्यावरून न्यायची म्हणून गणपतनं दोन्हीकडे बांबू रोवले आणि तार वरून नेली. पुरेशी उंच आहे, असं त्याचं म्हणणं.

जानोशावर नवरदेवाचे मावसे, म्हणजे मावशीचे यजमान, होते. मोठा कडक माणूस. त्यांनी खिडकीजवळचा फोन उचलला आणि मांडवात भाऊरावांना धरलं. "चहा थंड, पाणी गरम! पाहुण्यांले काय जनावरं समजले का तुमी? मी सांगून ठेवतो, हे असंच राहिलं तर..."

आणि धाडकन आवाज. पुढे काहीच नाही.

भाऊरावांना वाटलं, मावशांनी रागानं फोन आपटला. ते तसेच चहाची किटली घेऊन जानोशाकडे पळाले, मागून मी.

झालं होतं असं, की माल भरलेला एक ट्रक गेला, त्यानं तार ओढली आणि मावशांच्या हातातल्या दांडीसकट लोखंडी पेटी खिडकीबाहेर गेली! मावशांनी ट्रक पाहिलाच नाही. त्यांना वाटलं, आपण जास्त बोललो, मुलीकडच्यांनी चिडून फोन ओढून घेतला. आता लग्न मोडतं की काय! तेही चप्पल न घालता मांडवाकडे पळाले.

भर रस्त्यात दोघं समोरासमोर.

"माह्यं चुकलं!" भाऊराव.

"नाही नाही, माह्यंच चुकलं!" मावसे.

ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि हे दोघं एकमेकांच्या पाया पडायला वाकत होते. मावशांनी तिथेच उभ्यानं तो चहा प्यायला.

"गरम हाये ना?" भाऊरावांनी विचारलं.

"फार गरम हाये," मावसे म्हणाले. चहा थंडच होता! पळापळीत किटली भट्टीवर ठेवायला कोणाला वेळ होता?

फोन रस्त्यावर पुढे एका गोदामाच्या फाटकापाशी सापडला. चालू.

\*\*\*

आणि हे शेवटचं.

मुलगी इंदू. वडील हातमागावर बसायचे, नंतर माग विकून त्यांनी किराण्याचं दुकान टाकलं. मुलगा कळमेश्वरच्या कारखान्यात. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं फक्त बघण्याच्या कार्यक्रमात, तेही मोठ्या माणसांच्या गराड्यात.

मांडवातला, भट्टीजवळचा आणि जानोशावरचा, आमचे तिन्ही फोन एकाच तारेवर होते. एकानं हँडल फिरवलं की तिन्हीकडे घंटी, आणि जो उचलेल त्याला सगळं ऐकू येणार. बोलायचं असेल तर कानाला लावायच्या दांडीवरचं बटण दाबायचं. बटण दाबलं नाही, तर तुम्ही ऐकताय हे कोणालाच कळत नाही.

मुहूर्ताला अवकाश होता. मी आणि भाऊराव भट्टीजवळ चहा पीत उभे होतो. घंटी वाजली. श्रावणजींनी आपल्यासाठीच असेल म्हणून उचलला. हाताला पीठ लागलेलं, म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मी नवरदेव बोलून राहिलो. नवरीले देता का जरा?"

मांडवातल्या फोनवर गणपत होता. तो काय बोलणार? त्यानं कनातीमागच्या खोलीत फोन नेऊन दिला. बांगड्यांचा आवाज आला.

श्रावणजींनी फोन ठेवायला हवा होता. मी आणि भाऊरावांनी तरी बाजूला व्हायला हवं होतं. उलट आम्ही जवळ सरकलो! भाजी चिरणाऱ्या बायाही विळ्या सोडून आल्या.

"हे पाहा," नवरदेव म्हणाला, "तुमाले कोणं विचारलंच नसंल. म्हून मी विचारतो. तुमच्या मनात हाये ना? नसंल तर सांगा. मी माह्यावर घेतो. म्हणतो, मलेच नाही कराचं."

मग इंदूचा आवाज आला. रडका नव्हता. थकलेला होता.

"आता विचारून राहिले तुमी? तिकडे पुऱ्या तळून राहिले लोकं."

आम्ही सगळ्यांनी कढईकडे पाहिलं. तेलात पुऱ्या फुगत होत्या. एकमेकांकडे पाहायची कोणाची हिंमत नव्हती. एका बाईनं पदर तोंडात धरला.

श्रावणजींनी झारा खाली ठेवला. हाताखालच्या माणसाला म्हणाले, "कढई उतरव." त्यानं उतरवली. मग कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी दांडीवरचं बटण दाबलं.

"बाई, मी आचारी बोलतो. कढई खाली घेतली हाये. तुह्या तोंडून निघाल्याबिगर मी एकबी पुरी तळत नाही. आता सांग."

जानोशाकडून नुसतं "अरे देवा!" एवढंच आलं. भाऊराव पिठाच्या पोत्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आम्ही सगळे ऐकत होतो, हे आता त्या दोघांनाही कळलं होतं.

फोनमध्ये बांगड्या पुन्हा वाजल्या.

"तळा, काका," इंदू म्हणाली. "पण आच जरा कमी ठेवा. आमचं बोलणं व्हाचं हाये अजून."