आनेकलवर काढलेला बोकड

माझ्या मुलीचं लग्न मी एका नकाशामुळे जवळजवळ मोडलं होतं, आणि तो नकाशा अगदी बरोबर होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नकाशात कोणी चूक काढलेली मला आजही खपत नाही. बंगळुरातल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढता काढता माझे केस पांढरे झाले. कोणी नवा माणूस भेटला की लोक त्याचं नाव विचारतात. मी तालुका विचारते. (श्रीरंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बघण्याच्या कार्यक्रमात मी एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, सांगोला. मी म्हटलं, चालेल!)

निवृत्त झाल्यावर बायका भजनाला जातात, योगाला जातात. मी मात्र जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून कर्नाटकात कोण काय खातं याचा नकाशा रंगवायला घेतला. वर उत्तरेला ज्वारीची भाकरी, किनाऱ्याला भात आणि मासे, खाली आमच्या बाजूला नाचणी. मग हौसेला मोल नाही म्हणतात तसं, कोण कोणाला मत देतं याचा दुसरा नकाशा पारदर्शक कागदावर काढला. हा त्याच्यावर ठेवला की झालं! बोट ठेवाल त्या तालुक्याचं ताट आणि मत दोन्ही हजर. (पक्षांची नावं घेत नाही. त्यांच्यापायी आमच्या घरात आधीच दोन टीव्ही आहेत. जांभळा आणि पोपटी म्हणते, समजून घ्या.)

अशातच एके दिवशी केतकी, आमची एकुलती एक लेक, माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, मला एक मुलगा आवडलाय."

"कुठला?"

"एचएसआर लेआउटला ऑफिस आहे ना, तिथलाच. माझ्याच टीममध्ये आहे. मंजुनाथ."

"अगं, मूळचा कुठला?"

"आनेकल. बंगळुराला लागूनच."

मी उठून नकाशा आणला.

"आई! आधी फोटो तरी बघ!"

फोटो पाहिला. पोरगा हसरा होता. मला तर तिथल्या तिथे आवडला, पण आईने असं लगेच दाखवायचं नसतं. "विचार करून सांगते," म्हटलं.

सोमवारी सुट्टी होती, म्हणून मंजूला आणि त्याच्या आईवडिलांना दुपारी जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी केतकी माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, मंजूच्या आईला, जयम्मा आंटींना, एकच भीती वाटते. मराठी लोक आपल्याला परकं मानतील, आपलं पोरगं तिकडे एकटं पडेल. त्यांच्या मनाला पटलं नाही तर मंजू त्यांना दुखवून लग्न करणार नाही. आणि मीही नाही करणार. त्यांना हे घर आपलं वाटू दे, बस." तिचे डोळे भरून आले होते. मनात म्हटलं, बाळ, काळजी करू नकोस. तुझ्या आईकडे नकाशा आहे.

नकाशा काय सांगत होता? आनेकल: नाचणी, मटण, जांभळा. मी आनेकलभोवती लाल गोल केला, विसरायला नको म्हणून मटणाच्या जागी एक छोटासा बोकड काढला (शिंगं चांगली जमली होती) आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवले.

आता ऐका. आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि मी, जिने आयुष्यात कोंबडीकडे नजर वर करून पाहिलं नाही, ती नाकाला ओढणी बांधून, मोबाईलवर व्हिडिओ लावून मटण शिजवत होते! मटणाचा रस्सा घरातल्या प्रत्येक पातेल्यात एकदा तरी बिघडला. शेवटी मोठ्या कुकरमध्ये जमला. मग नाचणीचे गोळे, ज्यांना इकडे मुद्दे म्हणतात, ते वळले. भात मुद्दामच नाही लावला. नकाशात आनेकलला भाताचा रंग अगदी फिका होता. केतकीला सकाळीच हारफुलं आणायला पिटाळलं, कारण तिला सरप्राईज द्यायचं होतं.

उरला श्रीरंग. त्याला म्हटलं, "आज तू जांभळा."

"काय? मी जन्माचा पोपटी आहे!"

"जेवणं होईपर्यंत जांभळा. लेकीसाठी."

"लेकीसाठी जीव देईन गं, पण..."

"जीव नकोय. जांभळा हवाय."

पाहुणे आले. राजण्णा, मंजूचे वडील, आनेकलला लेथचं वर्कशॉप चालवतात. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मोजकं. जयम्मांनी परसातले नारळ आणि ओंजळभर मोगरा आणला होता. आल्या आल्या त्यांनी केतकीच्या केसांत गजरा माळला. मला भरून आलं. सगळं छान चाललं होतं हो! मग मी ताटं वाढली.

कोणी हात लावेना. राजण्णांनी जयम्मांकडे पाहिलं, जयम्मांनी मंजूकडे, मंजूने केतकीकडे. केतकीने ताटात डोकावलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, हे मटण आहे?"

"मग! खास!"

"आई, आज सोमवार आहे."

"हो, म्हणून तर सुट्टी आहे!"

"अगं, सोमवारी त्यांच्याकडे कोणी मटणाला शिवत नाही. शंकराचा वार असतो. मुलाचं नावसुद्धा शंकराचंच आहे, मंजुनाथ, आई!"

आता काय सांगू! नकाशात तालुका असतो, वार नसतो.

"परवागिल्ला, अक्का," जयम्मा म्हणाल्या. असू दे, असू दे. पण आवाज बारीक झाला होता. (आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, तुमच्यासाठी मराठीत सांगतेय.) तेवढ्यात श्रीरंगला वाटलं, आता आपण काहीतरी केलं पाहिजे. नवऱ्यांना नेमकं तेव्हाच असं वाटतं.

"काहीही म्हणा राजण्णा," तो घसा खाकरून म्हणाला, "पण राज्य करावं तर जांभळ्यांनीच!"

राजण्णांचा चेहरा ताठ झाला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते!" जयम्मा उसळल्या. "बघा, हे शिकलेले लोकसुद्धा तेच म्हणतात!"

"यांना काय माहीत? हे काय आपल्या रस्त्यावरून जातात?"

"रस्ता तुमच्या पोपट्यांनीच खणून ठेवलाय!"

म्हणजे बघा, तालुका जांभळा, बायको जांभळी आणि नवरा पोपटी! मंजू माझ्या कानात कुजबुजला, "आंटी, इलेक्शनपासून घरात हा विषय बंद केला होता. कसाबसा." श्रीरंगने घाबरून मुद्देचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावायला लागला.

"चावू नका! गिळा! नुसती गिळायची असते!" राजण्णा ओरडले. भांडणसुद्धा विसरले बिचारे. पण उशीर झाला होता. श्रीरंगची नवी कवळी त्या गोळ्यात अशी रुतली की त्याने हात घातला तेव्हा गोळा आणि दात एकत्रच बाहेर आले.

जयम्मा तोंडाला पदर लावून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. रडायला लागल्या वाटतं! मी धावले मागे. बघते तर बाई हसून हसून ओट्याला धरून उभ्या. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष कपाटाच्या दाराकडे गेलं.

शाळेत हिंदी शिकल्या होत्या, अक्षर न् अक्षर लावत वाचलं. "आ-ने-कल. अक्का, हे आमचं गाव?"

"हो."

"आणि हा बोकड?"

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "ते... जेवणाचं. आणि जांभळं म्हणजे मत."

जयम्मांचं हसू गेलं. "म्हणजे आम्ही दारात यायच्या आधीच आम्ही काय खातो, कोणाला मत देतो, हे तुम्ही ठरवून टाकलंत?"

मी खरं तेच सांगून टाकलं. "जयम्मा, माझी पोर फार घाबरली होती हो. तुम्हाला हे घर परकं वाटू नये, एवढंच मनात होतं. मला नकाशांशिवाय दुसरं काही येत नाही. मटण तर मुळीच येत नाही."

त्या कागदाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमचं जे. पी. नगर कुठंय यात?"

मी बोट ठेवलं.

"अय्यो, त्यालाही आनेकलचाच रंग! म्हणजे तुम्हीसुद्धा मुद्दे खाता, जांभळ्याला मत देता?"

"छे हो! आम्ही तर..."

"मग? तुमच्या यजमानांना साधी मुद्दे गिळता येईना!" आणि पुन्हा हसायला लागल्या. मीही हसले, डोळे पुसत. त्यांनी माझा हात धरला. "अक्का, घरी कोणी येणार नसतं त्या दिवशी काय करता?"

"आमटीभात."

"मग तेच करू या. बोकड न लागलेलं एखादं भांडं आहे का?"

नव्हतं! एकही नव्हतं! मी स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं खाली काढलं. कोरी पातेली, झाकण्या, नवा कुकर, सगळं कागदात गुंडाळलेलं. केतकी दारात येऊन उभी होती.

"आई, ही कोणाची भांडी?"

"तुझी."

"कधी घेतलीस?"

"तू फोटो दाखवलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"तू तर म्हणालीस, विचार करून सांगते!"

"करतच होते. भांडी घेता घेता."

पोरीने मला अशी मिठी मारली की झाकणी हातातून पडली आणि बाहेर श्रीरंग दचकून ओरडला, कवळीशिवाय, त्यामुळे काय ते कळलं नाही. जयम्मांनी कोरं पातेलं घेतलं, विसळलं, आणि माझ्या गॅसवर स्वतःच डाळ शिजत घातली.

मग सगळे खाली जमिनीवर बसून जेवलो. राजण्णांनी आमटीचा भुरका मारला आणि भुवया उंचावल्या. "गूळ? हे तर अगदी उडुपीच्या सांबारासारखं लागतं!"

"नाही, तसं बघितलं तर किनाऱ्याचा गूळ आणि आमचा..." मी सुरू केलं.

जयम्मांनी माझ्या ताटात भाताची मूद टाकली. "अक्का, जरा जेवा आता."

उठताना राजण्णांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. ते म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. झालं! त्या दोघांचं त्या वर्षात एकमत झालेली ही पहिली गोष्ट, असं मंजू म्हणतो.

लग्न आनेकलला करायचं ठरलं. पत्रिकेवर हॉलचा नकाशा मी काढून देते म्हटलं, तर सगळे एकदम म्हणाले, "नको!" राजण्णांनी काढला. एक पिंपळ, पुढे पिठाची गिरणी, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: कोणालाही विचारा. हा काय नकाशा झाला? ना दिशा, ना अंतर! पण सांगोल्याहून आलेले आमचे झाडून सगळे नातेवाईक, वाटेत दोन ठिकाणी चहा घेऊन, वेळेवर पोचले. हरवलं फक्त एक माणूस.

सकाळी मुंडावळ्या घरी राहिल्या म्हणून मी गाडी घेऊन परत घरी गेले होते. परतताना अर्थातच माझा स्वतःचा रस्ता धरला आणि थेट एका नारळाच्या बागेत जाऊन पोचले. जयम्मांचा फोन आला.

"अक्का, कुठे आहात? मुहूर्त जवळ आला!"

"माहीत नाही हो!"

"आजूबाजूला काय दिसतं?"

"नारळ."

"अक्का, इथे सगळीकडे नारळच आहेत! काच खाली करा आणि कोणालाही विचारा."

जन्मात पहिल्यांदा मी काच खाली केली. पाणी सोडत असलेल्या एका आजोबांना विचारलं, मंजूच्या लग्नाला कसं जायचं. "तुम्ही कोण?" ते म्हणाले. "नवरीची आई," मी म्हटलं. त्यांनी हातातली नळी तिथेच टाकली, मोटर तशीच चालू, आणि गाडीत येऊन बसले. दोन वळणं घेतली, हॉल आला. आंतरपाट धरून सगळे थांबले होते, केतकी मान वळवून दाराकडे बघत होती. आजोबांनी माझा हात धरून मला मांडवात नेलं आणि आख्ख्या आनेकलला ऐकू जाईल असं ओरडले, "सिक्किद्रु! सिक्किद्रु!" सापडल्या! सापडल्या!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा-नवरीला नाही, मला. आता आनेकलच्या बाजारात गेले की भाजीवाल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसून माझी ओळख करून देतात. उभ्या जन्मात शेकडो गावं नकाशावर आणली मी, पण त्या गावात माझी ओळख एकच: मंजूची सासू, ती सापडलेली!