विरजणाची वाटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडणं. लेकीला विलायतेला चटणी पाठवायची होती. पुढच्या दारात पोतं अंथरून बसलो होतो. बायको फोडत होती, मी लेकीचं पत्र वाचत होतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही. म्हणून पत्र मी वाचायचो, अक्षरावर बोट ठेवून.

लेकीनं लिहिलं होतं, की तिनं नातवाला उलथन्यानं मारलं, पाठीवर वळ उठला, तो शाळेतल्या बाईनं बघितला. दोन दिवसांनी सरकारी बाई दारात. पोराला वेगळं बसवून विचारलं, सगळं कागदावर उतरवलं. आता दर पंधरवड्याला येते. पलीकडच्या गल्लीतलं एक पोर तर आईबापाकडनं काढून दुसऱ्याच घरात ठेवलंय. आणि शेवटची ओळ, "आबा, तुम्ही मला पट्ट्यानं मारायचा, तेव्हा कोण आलं असतं?"

ती ओळ मी गाळली असती. पण कळेपर्यंत तोंडातनं गेली होती.

"हे कसलं सरकार?" मी म्हणालो. "पोटच्या पोराला आईनं हात लावायचा न्हाई? पोरं उचलून न्यायची?"

"उचलून न्यू न्हाई," ती म्हणाली. "पर इचारायला तर येत्यात की."

"हितं तू जातीस की इचारायला."

ते खरं होतं. शेजारचा फौंड्रीत कामाला. रातपाळी करून सकाळी आला, की कशावरनं तरी आठ वर्षांच्या पोरीला झोडपायचा. बाप-लेकीच्या मधे गल्लीत कोणी पडत नसे. पण विरजण मागायला आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही, ही पण रीतच. आवाज आला, की माझी बायको फळीवरची रिकामी वाटी उचलायची आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. "अगं, जरा विरजण हाय का?" परकी बाई समोर आली, की त्याला हात खाली घ्यावा लागायचा. मग ही त्याच्या बायकोशी गप्पा छाटत बसायची, त्याला झोप लागेपर्यंत. आमच्या घरात इतकं दही व्हायचं, की कढीचं नाव काढलं तरी मी ताटावरनं उठायचो.

तिनं शेंग फोडायची थांबवली. "मी म्हायेरी आजऱ्याला गेलते आठ दिस. त्याच आठवड्यात पोरीचा हात मोडला. तिथली सरकारी बाई रजेवर गेली तर दुसरी येत आसंल. माझ्या जागी कोन?"

त्या आठवड्यात मी घरातच होतो. सगळं ऐकलं होतं. ऐकून रेडिओ मोठा केला होता.

"वाटी घिऊन जायाचं बायकांचं काम," मी म्हणालो.

"व्हय. आन् आपल्या लेकीच्या येळंला मी कुठनं येनार हुते वाटी घिऊन? मी तर घरातच हुते."

रागानं नाही म्हणाली. खवट दाणा बाजूला टाकला आणि पुढची शेंग घेतली.

बाराच्या सुमाराला पाणी प्यायला उठली आणि चुलीपाशी बसली, ती बसलीच. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. दिवस मावळायच्या आत पंचगंगेवर नेऊन आलो. दाण्यांचं सूप दारात तसंच, अर्धं भरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारनं आवाज आला. आधी त्याचा, मग पट्ट्याचा, मग पोरीचा. हातकणंगल्याहून आलेली माझी थोरली बहीण भिंतीकडं बघत म्हणाली, "मुडद्याला आजचा दिस तरी कळत न्हाई."

मी फळीवरची वाटी घेतली.

"कुठं रं?"

"विरजणाला."

"येडा का खुळा? सुतक हाय. कुनाच्या दारात जायाचं न्हाई, काय मागायचं न्हाई. आन् बाप्या मानूस विरजण मागतोय व्हय कवा?"

गेलो. दार ढकललं. त्याच्या हातात बकलाचा रुंद पट्टा. माझा होता तसलाच. त्यानं माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलं. ती त्याला चांगली ठाऊक होती.

"आण्णा, तुमी? सुतकात?"

"विरजण पायजे."

"काल मानूस गेलं तुमचं. दही कोन खानार?"

"ते माझं मी बघीन. सूनबाई, घाल गं."

त्याच्या बायकोनं वाटीला हात लागू न देता चमचाभर विरजण वरनंच सोडलं. त्यानं पट्टा खुंटीला अडकवला. पोरगी कोपऱ्यात, वाकडा हात पोटाशी धरून उभी.

आता बोलायचं काय, ते मला ठाऊक नव्हतं. ते तिला जमायचं. मी उंबऱ्यातच बसलो, वाटी मांडीवर धरून.

"घरला जावा की आण्णा. मानसं येतील तुमच्यात भेटायला."

"येऊंदेत. तू झोप."

त्यानं अंगावर वाकळ ओढली. त्याला झोप लागेपर्यंत मी तिथनं हललो नाही.