पोटाला बांधलेला तवा

“दार उघडतं का मोडू?” एवढंच ती विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता मोडायची. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. आमच्या वणीतल्या गल्लीत निम्म्या दारांच्या कड्या तिच्यामुळे नव्या आहेत.

शेजारचा ट्रकवाला बायकोला मारायचा. पीत नव्हता, बरं का. शुद्धीत, हाताला पट्टा गुंडाळून मारायचा. एकदा हिने तोच पट्टा हिसकून त्याचं तोंड फोडलं. दात ओट्यावर पडला. “उचल बे, तुहाच हाय,” म्हणाली.

मग ती आखातात गेली, एका शेठची मेंढरं अन् कुत्री सांभाळायला. परतली ती उजव्या बरगडीखाली दुखणं घेऊनच. मी ओवा दिला, शेक दिला. शेवटी यवतमाळला सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये नारळाएवढी पाण्याची पिशवी! डॉक्टरांनी आधी विचारलं, “कुत्र्यांत राहत होता का?” रक्त तपासलं अन् तेच निघालं. कुत्र्याच्या पोटातल्या चपट्या जंताची अंडी हिच्या पोटात गेली होती.

“गोळ्या घ्या, मग नागपूरला ऑपरेशन. तोवर पोटाला मार लागू देऊ नका. पिशवी फुटली तर जीव जाईल.”

“मार देणारी मी हावो, डॉक्टरसाहेब,” ती हसली.

आठवडाही झाला नसेल, ती माझ्याकडे बसली होती अन् शेजारून किंकाळी आली. ही उठली.

“काहून चालली? मराचं हाय काय?”

“तिलेही तं मराचं नाही न, काकू.”

माझा लोखंडी तवा पोटावर धरला, जुन्या साडीने करकचून बांधला अन् गेली. मीही मागोमाग. त्याने लाथ घातली ती नेमकी तव्यावर. पाय धरून तो खाली बसला. हिने केस धरून त्याला उंबऱ्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. रक्त माझ्या चपलेपर्यंत आलं. मी थांब म्हटलं नाही.

ऑपरेशनला निघाली तेव्हा तवा घासूनपुसून परत दिला. “पोळ्या करजा, काकू.”

पिशवी न फुटता निघाली. पण भावाने तिला घाटंजीला ठेवून घेतलं, इकडे येऊच देत नाही. शेजाऱ्यालाही ते कळलं.

परवा भरदुपारी पट्ट्याचा आवाज आला. मी पोळी उतरवली. तवा गरमच होता. पोटाशी टॉवेलची घडी घेतली, वर तवा बांधला अन् कुरकुरत्या गुडघ्यांनी त्या दाराशी गेले. आवाज काही तिच्यासारखा निघेना. खाकरले.

“दार उघडतं का मोडू?”

आतला पट्टा थांबला.