अर्धा पेला पाणी

काल भर दुपारी शेजारच्या शांताकाकूंच्या दारात एक अनोळखी म्हातारा थांबला. "माय, पाणी दे गं," म्हणाला. काकूंनी विकतच्या जारमधलं अर्धा पेला पाणी दिलं. पिऊन झाल्यावरही तो पेला पुढे धरून उभाच राहिला. "बाबा, जारवाला आता उद्याच येणार," म्हणत काकूंनी दार लोटून घेतलं.

याच काकू आल्यागेल्याला तांब्याभर पाणी आणि वर गुळाचा खडा द्यायच्या. मग गावाबाहेर कारखाने आले आणि आमच्या विहिरीचं पाणी पिवळट, उग्र वासाचं झालं. विहीर गोड होती तेव्हा तिचं पाणी देशाच्या उत्पन्नात कुणी धरलं नव्हतं. आता जार धरतात, पोटदुखीची औषधंही धरतात. आमचा जिल्हा पुढे गेल्याचं बातम्यांत सांगतात. खोटं नसेल ते. पण माणसाचा हात असा आखडला, ते कुठे धरतात?

संध्याकाळी गेले, तर काकू दिवा न लावताच बसलेल्या. मी समजूत घालू लागले, तशा त्या म्हणाल्या, "त्याची तहान दिसत होती गं मला. दिसत असताना दार लावलं मी."