लोवेल स्टकीची जांभई

आमच्या फोर्ट वेनात लोवेल स्टकी ज्याला माहीत नाही, त्याने जन्मात बर्फावरची हॉकी बघितलेली नाही असं खुशाल समजावं. हॉकीच्या मैदानावर तो बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचा. खेळाच्या मधल्या सुट्टीत ओरखडलेला बर्फ तासायचा, वर पाणी सोडायचं आणि आरशासारखा लख्ख करून द्यायचा, एवढंच काम. पण लोवेलची पक्की समजूत होती की लोक येतात ते त्यालाच बघायला. तो दमला की जरा विसावा म्हणून मधेमधे हॉकी खेळतात.

मी त्याची शेजारीण, बर्निस. आमच्या दोघांच्या अंगणांत एकच कुंपण, आणि तेही त्यानेच पाडलेलं, गवत कापायचं यंत्र मैदानावरच्यासारखं वळवताना.

बायको वारली, मग खुब्याचा सांधा बदलला आणि लोवेलचं यंत्र सुटलं. तेव्हापासून टोलिडोहून त्याच्या बहिणीचा, विल्माचा, दर रविवारी फोन. "वरची खोली रिकामी आहे. ये इकडे. तिथं एकटा काय करतोस?"

"एकटा कुठं? बर्निस आहे ना भांडायला," हा म्हणायचा.

खरी अडचण विल्माची नव्हती, तिच्या नवऱ्याची होती. कॅस नोविकी. बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडावा असा आडवा माणूस. टोलिडोबद्दल बोलायला लागला की वाटावं, गाव यानेच वसवलं. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला दोघांची जुंपायची, आणि मला हटकून मध्ये बसवायचे.

"टोलिडोत काय नाही ते सांग," कॅस टर्कीची तंगडी रोखून विचारायचा. "नदी आहे, सरोवर आहे, फुकटात बघायचं म्युझियम आहे, झूमध्ये पाणघोडा आहे. तुमच्याकडे काय आहे रे?"

"तीन नद्या."

"तिन्ही मिळून आमच्या एकीएवढ्या भरत नाहीत!"

"अरे म्हाताऱ्या, तुमची ती नदी येते कुठून? आमच्याकडूनच! आमची वापरून झाली की खाली तुम्हाला सोडतो."

त्या वर्षी या वाक्यावर कॅसने तंगडी खाली ठेवली. इतका राग त्याला आधी कधी आला नव्हता. शेवटी विल्मानेच टेबलावर मूठ आपटली.

"पुरे! एक शनिवार टोलिडोत, एक फोर्ट वेनात. पाहुण्याला जांभई आली की ते गाव हरलं. लोवेल, तू माझ्याकडे दिवसभरात एकदाही जांभई दिली नाहीस, तर निमूट सामान घेऊन यायचं."

"आणि मी मुद्दाम दिली तर?"

"या माणसाशी संसार केलाय मी. खोटी जांभई मला पाठमोरी कळते."

"आणि कॅसला आमच्याकडे नाही आली तर?"

"तर पुढच्या टर्कीला तो फक्त घास घ्यायला तोंड उघडेल."

ही अट लोवेलला एकदम पटली.

हिवाळा सरल्यावर टोलिडोचा शनिवार ठरला. लोवेलला गाडीत फार वेळ पाय दुमडवत नव्हता, म्हणून मीच गाडी चालवली. गडी शेजारी डोळे चोळत बसलेला.

"झोपला नाहीस का रे?"

"मुद्दाम जागलो," तो म्हणाला. "आज कंटाळायचंच, असं ठरवून आलोय."

पण ठरवून कंटाळणं सोपं नसतं. म्युझियमशेजारी एक पोरगी तापलेली काच फुंकून फुलदाणी करून दाखवत होती. लोवेल आधी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग एका डोळ्याने बघायला लागला. मग पुढे जाऊन विचारलं, "किती तापवता?" आणि मग पोरीची सुटकाच नाही. काच लवकर थंड केली तर काय होतं, फुंकताना शिंक आली तर काय होतं, असा भडिमारच सुरू केला त्याने. शेवटी त्या पोरीलाच जांभई आली.

"ती धरायची नाही," कॅस घाईघाईने म्हणाला. "ती पाहुणी नाही."

लोवेलचे डोळे चकाकताना बघून कॅसला चेव चढला आणि तिथेच तो चुकला. दुपारी त्याने लोवेलला आपल्या नेहमीच्या पोलिश खाणावळीत नेलं आणि सॉसेज, आंबवलेला कोबी, लोण्यात परतलेल्या बटाट्याच्या करंज्या, सगळं दोनदोनदा वाढायला लावलं. विल्मा टेबलाखालून नवऱ्याला लाथा घालत होती. "अरे, झोपेल तो! जेवण आहे की भूल?"

तिथून झू. पाणघोड्याच्या काचेसमोर आम्ही चौघं ओळीने उभे. पाणघोडा पाण्यात दगडासारखा पडलेला. लोवेलच्या पापण्या जडावलेल्या, पण तोंड बंद. विल्मा डोळ्यांत तेल घालून त्याच्या जबड्याकडे बघत होती.

आणि पाणघोड्याने जांभई दिली.

आत एक खाट मावली असती, एवढी मोठी. लोवेलचा जबडा आपोआप खाली गेला. खोटं काही नाही, कानापर्यंत खरी जांभई. त्याची बघून विल्माला आली, तिची बघून मला, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द कॅसला.

"हरलास!" लोवेल ओरडला.

"ही कंटाळ्याची नव्हे! संसर्गाची आहे!"

"टोलिडोचा पाणघोडाच कंटाळलाय म्हटल्यावर माणसाची काय कथा!"

आरडाओरडा ऐकून झूचा एक माणूस धावत आला. कॅसने त्यालाच पंच केलं. त्याने शांतपणे सांगितलं, "पाणघोडा एवढं तोंड उघडतो ते कंटाळून नाही. समोरच्याला धमकावतोय तो. इथून नीघ, म्हणतोय."

"ऐकलंस?" लोवेल बहिणीला म्हणाला. "मी येऊ नये असं इथल्या जुन्या रहिवाशाचंही म्हणणं आहे."

विल्माने सामना बरोबरीत सोडवला. आता फोर्ट वेनात कॅसला जांभई आली तर लोवेलने सामान बांधायचं, असं तिने ठरवून टाकलं.

फोर्ट वेनाचा शनिवार ऑक्टोबरात आला, हॉकीच्या मोसमातल्या पहिल्या सामन्याचा दिवस. कॅस आला तोच टोलिडोच्या बेसबॉल संघाची टोपी घालून, हाताची घडी घालून. सकाळी लोवेलने त्याला आमच्या झूत जिराफाला पाला चारायला उभं केलं. जिराफाने पाला सोडला आणि टोपी उचलली. ती परत मिळेपर्यंत कॅस कुंपणाशी उड्या मारत होता, आणि उड्या मारणारा माणूस जांभई देत नाही, हे लोवेलने मला तीनदा ऐकवलं. दुपारी कोनी खाल्ले, म्हणजे पावात सॉसेज आणि वर खिमा-कांदा. "दोनच," लोवेल बजावत होता, "पोट हलकं ठेव, गड्या." कॅसने पाच खाल्ले. विल्माचा चेहरा उजळला. भाऊ हरला की तिची खोली भरणार होती.

संध्याकाळी हॉकी. पहिला डाव संपता संपता कॅसची मान छातीवर टेकायला लागली. विल्मा पुढे वाकली, लोवेल घाबराघुबरा झाला. त्याने काय केलं, तर कॅसला दंडाला धरून खाली नेलं. यंत्र चालवणारा आता दुसरा होता, पण लोवेलनेच शिकवलेला. त्याच्या शेजारच्या जागेवर त्यांनी कॅसला चढवलं.

यंत्र बर्फावर आलं. दिवे, बँड, भरलेलं मैदान. पहिल्या वळणापर्यंत कॅसने दांडा घट्ट धरला होता. दुसऱ्या वळणावर एक हात सुटला आणि त्याने लोकांना हात हलवला. लोकांनीही हलवला. मग कॅस नोविकीने डोक्यावरची ती टोलिडोची टोपी काढली आणि लोकांत भिरकावली. मैदान दणाणलं.

"बर्निस," विल्मा माझा हात दाबत म्हणाली, "हा माणूस माझ्या लग्नात एवढा हसला नव्हता."

यंत्र परत आत गेलं, पण कॅस उतरेना. दुसऱ्या सुट्टीपर्यंत तिथेच बसतो, म्हणाला. लोवेलने त्याला अक्षरशः ओढून काढलं.

"मग? आली का जांभई?"

"लोवेल," कॅस गदगदून म्हणाला, "तुझ्याकडे रिकामी खोली आहे का रे?"

विल्मा भावाला न्यायला आली होती आणि नवरा ठेवून गेली. मी तिला तिच्या गाडीपर्यंत पोचवलं, वाटलं, बिचारी रडेल. ती म्हणाली, "घरातला रेडिओ आता माझा एकटीचा, बर्निस!" आणि गाडी अशी पळवली की मागे वळून बघितलं नाही.

आता हॉकी आहे तोवर कॅस इथे आणि उन्हाळा लागला की लोवेल तिथे, सरोवरात मासे धरायला. विल्मा शुक्रवारी पोल्का नाचायला जाते. टोलिडोचं राहणीमान बरंच सुधारलंय, असं तिचं म्हणणं. गाव कुठलं चांगलं, यावर दोघांचं अजून एकमत नाही. भांडण आता घरातल्या हीटरवर आलंय. खिडकीतून मला दिसतं: एक जण वाढवून जातो, दुसरा येऊन कमी करतो.

परवा टोलिडोहून येताना त्यांची गाडी अर्ध्या वाटेत डिफायन्सला बंद पडली. छोटंसं गाव. दुरुस्ती होईपर्यंत दोघं एका हॉटेलात बसले आणि सफरचंदाचं सारण भरलेला ॲपल पाय खाल्ला. घरी आल्यावर लोवेल माझ्या दारात उभा राहिला, मागे कॅस.

"बर्निस, डिफायन्स काय झकास गाव आहे गं. गाडी लावायला जागाच जागा."

"आणि ॲपल पायवर आइस्क्रीम मागावं लागत नाही," कॅस म्हणाला. "आपणहून वाढतात."

"पुढच्या मंगळवारी पुन्हा चाललोय. येतेस?"

मी कपाटातून कोट काढून ठेवलाय.